चिखलाला मिळालेलें अभय

(नभोवाणीवरील भाषण)



इतिहासाचा शिक्षक म्हणून माझीं तीस-बत्तीस वर्षें मुंबईच्या मुलांना शिकविण्यांत गेलीं. ह्या अवधींत 'सात बेटांची मुंबई' हा धडा मीं किती वेळां शिकविला असेल, ह्याची गणती नाहीं. फळ्यावर सात ठिपके काढावयाचे, त्यांच्या मधली जागा खडूनें हळूहळू भरीत जावयाची, आणि शेवटीं सबंध पांढरी झालेली आकृति दाखवून विचारावयाचें, "काय मुलांनो, माणसाच्या उद्योगापुढें समुद्र हटला कीं नाहीं?" मुलें एका सुरांत 'हो' म्हणत आणि मास्तरांना समाधान वाटे. एके वर्षीं मात्र मागच्या बाकावरील एका मुलीनें उभें राहून विचारलें, "गुरुजी, मग त्या जागेंत आधीं जें राहत होतें, तें कुठें गेलें?" मीं उत्तर दिलें, "तेथें कांहीं राहत नव्हतें. नुसता चिखल होता."

मुलगी खालीं बसली आणि धडा पुढें चालू झाला. आज मी आपणांस जें सांगणार आहें, तें त्या मुलीला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आहे.

सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यांत, एका सकाळीं, मी शिवडी स्टेशनावर उतरलों आणि पूर्वेकडच्या बंदराच्या रस्त्यानें पायीं निघालों. दोन्ही बाजूंस वखारी, मालमोटारींच्या रांगा आणि हवेंत धूळ. येथें पक्षी कसले असणार, असें मनांत आलें. धक्क्याच्या टोकाशीं पोंचलों तों ओहोटी लागली होती. दुरुस्तीसाठीं ओढून ठेवलेल्या जुन्या बोटी एका अंगावर कलल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, माहूलच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांपर्यंत, करड्या रंगाचा चिखल पसरला होता. त्या चिखलावर एक लांबच लांब गुलाबी पट्टी दिसत होती. ती हलली, तेव्हां ते पक्षी आहेत हें मला कळलें. शेजारीं उभ्या असलेल्या एका कोळी गृहस्थांनीं, मीं न विचारतांच, सांगितलें, "थंडी पडली कीं येतात, पावसाळा लागला कीं जातात." घरच्या पाहुण्यांविषयीं बोलावें तसा त्यांचा सूर होता.

हे पक्षी म्हणजे रोहित, ज्यांना अग्निपंख असेंही म्हणतात आणि मुंबईचीं मुलें ज्यांना फ्लेमिंगो ह्या नांवानें ओळखतात. त्यांचें हें वसतिस्थान म्हणजे ठाण्याची खाडी. मुंबईच्या पूर्वेस, साष्टी बेट आणि मुख्य भूमि ह्यांच्या मधून, सुमारें २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेस अगदीं चिंचोळी होते आणि दक्षिणेस बंदराच्या विस्तीर्ण पाण्याला मिळते. आपल्या बंदरांत उधाणाच्या वेळीं पाणी पांच मीटरांच्या आसपास चढतें. दिवसांतून दोन वेळां हें पाणी आंत येतें व दोन वेळां बाहेर जातें. आणि जातांना गाळ मागें ठेवून जातें. खाडीच्या कांठचा चिखल हा असा शतकानुशतकें, थरावर थर, सांचलेला आहे.

ह्या पाण्याच्या कांठीं इतिहासानें पुष्कळ वस्ती केलेली आहे. उत्तर कोंकणच्या शिलाहारांची राजधानी ठाण्यास होती. तेराव्या शतकांतील प्रवासी मार्को पोलो ह्याच्या वृत्तांतांत ठाण्याच्या राज्याचें नांव येतें. पुढें पोर्तुगीज आले. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांच्या हातीं गेलें. शिवडीच्या टेकडीवर इंग्रजांनीं १६८० सालीं एक लहानसा किल्ला बांधला. तो आजही उभा आहे, आणि त्याच्या तटावरून सगळा चिखल एका दृष्टिक्षेपांत येतो. १६८९ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानें सैन्य उतरविलें तें ह्याच शिवडीस. तटावरील पहारेकऱ्यांना चिखलावरून येणारी शत्रूची होडी तेवढी महत्त्वाची. चिखलांत काय आहे, हा त्यांचा विषय नव्हता. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांचाही तो विषय झाला नाहीं.

चिखलांत काय आहे हें ज्यांना माहीत होतें, ते लोक निराळे. कोळ्यांना तेथें निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवें मिळत. आगऱ्यांनीं कांठावर बांध घालून कोठें खार जमिनींत भात पिकविला, तर कोठें मिठागरें काढलीं. पाण्याच्या कडेला तिवरांचीं झाडें वाढत. तिवराचीं मुळें जमिनींतून वर, बोटांसारखीं, डोकावतात. कारण भरतीच्या चिखलांत हवा नसते आणि श्वासासाठीं झाडाला मुळेंच बाहेर काढावीं लागतात. हीं मुळें गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, आणि त्यांच्या आडोशाला माशांचीं व कोळंबीचीं पिलें वाढतात. मीं ज्याला 'कांहीं नव्हतें' म्हटलें होतें, त्यावर कित्येक कोळीवाड्यांची चूल पेटत आली होती.

आतां त्या भरणीच्या धड्याकडे वळूं. इंग्रजांच्या हातीं मुंबई आली ती १६६१ च्या विवाहाच्या करारानें. १६६८ मध्यें ती कंपनीस मिळाली. त्या काळच्या युरोपियन रहिवाशांना ह्या बेटांवरील दलदल हें तापाचें व मृत्यूचें माहेरघर वाटे, आणि त्यांचें वाटणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दींत, महालक्ष्मी व वरळी ह्यांच्या मधील खिंडार बांध घालून बंद करण्यांत आलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन ह्यानें शीव येथें साष्टीस जोडणारा रस्ता बांधविला. १८४५ मध्यें माहीमचा पूल खुला झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी ह्यांनीं १,५७,००० रुपये दिले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि दुसऱ्याच वर्षीं रेल्वे खाडी ओलांडून कल्याणास पोंचली. पोर्ट ट्रस्टनें विसाव्या शतकाच्या आरंभीं माझगांव ते शिवडी हा किनारा भरून काढला. १९७० मध्यें खाडीपलीकडे नवें शहर वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना झाली, आणि १९७३ मध्यें वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला.

ह्या कामांची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्या शाळेंत मीं शिकविलें, ती भरणीच्या जमिनीवर उभी होती. ज्या खोलींत मी राहतों, तीही तशीच. परंतु तीनशें वर्षांच्या ह्या हकीकतींत एक गोष्ट सारखी आढळते. जमीन तयार करणाऱ्याला, मग तो गोरा असो वा काळा, सरकारी असो वा खाजगी, चिखल ही 'रिकामी जागा' वाटत आली. नकाशावर ती पांढरी असे. पांढऱ्या जागेवर काय बांधावें, एवढाच प्रश्न विचारला जाई.

ह्याच शहरांत मात्र, निराळा प्रश्न विचारणारीही मंडळी होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन. समाजसुधारणेच्या इतिहासांत आपण हीं नांवें वाचतों, डॉ. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील, हेंही आपणांस ठाऊक असतें. परंतु ह्या दोघां डॉक्टरांनीं प्राणी व वनस्पति ह्यांच्या अभ्यासाची संस्था उभारण्यांतही हात घातला होता, हें आमच्या शाळांतून क्वचित् सांगितलें जातें. ह्याच संस्थेच्या कचेरींत पुढें एक लहान मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीनें मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी घेऊन आला. ती कोणत्या जातीची, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. तो मुलगा म्हणजे सलीम अली. १८९६ मध्यें मुंबईंतच त्यांचा जन्म झाला, आणि १९४१ मध्यें त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडलें. १९४५ मध्यें ते कच्छच्या रणांत गेले आणि तेथील रोहितांची ती अफाट वीण त्यांनीं पाहिली, जेथें घरटीं लाखांनीं मोजावीं लागतात. चिमणी मारणाऱ्या त्या मुलाला कोणीं 'नुसती चिमणी आहे' असें सांगून परत पाठविलें असतें तर काय झालें असतें, हा विचार मला शिक्षक म्हणून अस्वस्थ करतो.

कच्छचा उल्लेख उगाच केलेला नाहीं. शिवडीस येणारे रोहित हे गुजरातेकडून येतात. नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं २०२२ मध्यें कांहीं पक्ष्यांच्या पाठीवर लहानशीं यंत्रें बसवून त्यांचा मार्ग शोधला, तेव्हां ठाण्याची खाडी आणि गुजरातेंतील पाणथळी ह्यांच्यामधील त्यांचें जाणें-येणें नकाशावर दिसूं लागलें. ह्यांत दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच, पांढुरका, फिकट गुलाबी चोंचीचा. आणि लहान रोहित बुटका, अधिक रंगदार, काळपट-तांबड्या चोंचीचा. खाडींत लहान रोहितांचेच थवे मोठे असतात. हा पक्षी मान खालीं घालून चोंच उलटी पाण्यांत धरतो. जिभेच्या हालचालीनें पाणी आंत ओढून बाहेर टाकतो, आणि चोंचीच्या कडेस असलेल्या चाळणीसारख्या दांत्यांत सूक्ष्म शेवाळ अडकून राहतें. तेंच त्याचें अन्न; आणि पंखांचा गुलाबी रंगही त्याला ह्या अन्नांतूनच मिळतो. पिलें जन्मतः करडीं असतात. म्हणजे शिवडीच्या चिखलाचा रंग करडा असला, तरी पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच चिखलांतून येतो.

आतां एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. हे पक्षी शिवडीस मोठ्या संख्येनें दिसूं लागले ते १९९० नंतरच्या वर्षांत. शास्त्रज्ञांचा तर्क असा कीं, शहराचें सांडपाणी वर्षानुवर्षें खाडींत सोडलें गेल्यामुळें तेथें शेवाळ माजलें, आणि त्या शेवाळानें रोहितांना बोलावून आणलें. म्हणजे ह्या पाहुण्यांना आम्हीं आमंत्रण दिलें तें जाणूनबुजून नव्हे, आमच्या घाणीनें. ह्याबद्दल अभिमान वाटून घेण्यासारखें कांहीं नाहीं. आणि घाण वाढली तर पाहुणेही वाढतील, असाही हिशेब कोणीं करूं नये. शेवाळ वाढविणारें पाणी एका मर्यादेपलीकडे गेलें, किंवा त्यांत कारखान्यांचें विष मिसळलें, कीं तेंच अन्न घातक होतें.

चिखलाची किंमत शहराला कळली ती पक्ष्यांमुळें नव्हे, पाण्यामुळें. २६ जुलै २००५ ह्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला जावयास वाट उरली नव्हती. तिच्या कांठचा चिखल व तिवरें जेथें भरून निघालीं होतीं, तेथें पाणी माणसांच्या घरांत शिरलें. त्या रात्रीं आमच्या शाळेच्या वर्गांत शंभरावर माणसें बांकांवर बसून होतीं. ज्या फळ्यावर मीं भरणीचा धडा शिकविला होता, त्याच्या खालच्या कडेपर्यंत पाण्याची खूण पुढें कित्येक महिने राहिली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस व त्यांच्या जागीं भरणी करण्यास मनाई केली, आणि २०१८ च्या अंतिम निकालानें ती कायम केली. २०१२ मध्यें महाराष्ट्रांत कांदळवनांसाठीं वनखात्याचा स्वतंत्र कक्ष निघाला. ६ ऑगस्ट २०१५ रोजीं खाडीचें १,६९० हेक्टर क्षेत्र, त्यांत ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलें पाणी, 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर झालें. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्यें ह्या खाडीचें नांव रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत गेलें. महाराष्ट्रांत नांदूर मध्यमेश्वर व लोणार ह्यांच्या नंतरची ही तिसरी जागा.

अभयारण्य हा शब्द आपण रोज उच्चारतों. पण त्यांतील 'अभय' कोणाला आणि कोणापासून, हें मनांत आणीत नाहीं. येथें वाघ नाहीं कीं शिकारी नाहीं. येथें अभय द्यावयाचें तें चिखलाला, आणि तेंही आपल्यापासून.

ज्यांना हें पाहावयास जावयाचें असेल, त्यांच्यासाठीं चार शब्द. नोव्हेंबर-डिसेंबरापासून मेपर्यंतचा काळ चांगला. घड्याळापेक्षां भरती-ओहोटीचें कोष्टक पाहून निघावें. भरपूर ओहोटींत पक्षी दूर गेलेले असतात आणि पूर्ण भरतींत चिखल बुडतो. भरतीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधीं किंवा नंतर धक्क्यावर पोंचलें म्हणजे ते जवळ दिसतात. ऐरोली येथें वनखात्याचें केंद्र आहे. तेथें तिवरांच्या मधून लांकडी फळ्यांच्या वाटेनें फिरतां येतें, आणि भरतीच्या मानानें होड्याही सुटतात. गडद रंगाचे साधे कपडे घालावे, दुर्बीण असल्यास न्यावी, मुलांना आवाज हळू ठेवण्यास सांगावें. चिखलांत उतरूं नये. तो दिसतो तसा नसतो, गुडघाभर आंत ओढतो. आणि केवळ गुलाबी पट्टीकडे पाहून परत फिरूं नये. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, चिखलावरून तुरुतुरु धांवणारे चिखल्या आणि तुतारी, दूरच्या थंड देशांतून आलेले पाणटिवळे, बांकदार चोंचीचा कोरल, पाण्यावरून झेपावणारे कुरव आणि सुरय, हे सगळे त्याच पानावरचीं अक्षरें आहेत. पायाशीं पाहिलें तर निवट्या मुळांवर चढून उन्हांत बसलेल्या दिसतील. तासभर एका जागीं उभें राहिलें, तर 'रिकामी जागा' ह्या शब्दांचा अर्थच बदलतो.

परंतु हें सांगून मी थांबलों, तर धडा पुन्हा अपुरा राहील. कागदावर रेघ ओढून अभयारण्य झालें. पक्ष्यांना ती रेघ दिसत नाहीं. भरतीच्या वेळीं खाडींतला चिखल बुडाला, म्हणजे हे थवे विसाव्यासाठीं नेरुळ, उरण, भांडुप अशा ठिकाणच्या उथळ पाण्यांत जातात. त्यांतील कित्येक जागा अभयारण्याच्या बाहेर आहेत. रोहिताचें जेवणघर आपण राखलें. त्याची निजण्याची खोली मात्र राखली असें म्हणतां येत नाहीं. २०२४ सालीं ह्याचा कडवट अनुभव आला. नेरुळच्या एका तळ्यांत भरतीचें पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्यानें तें सुकूं लागलें, पक्षी भलतीकडे भरकटले, आणि कांहीं मेले. त्याच वर्षीं मे महिन्याच्या २० तारखेस रात्रीं घाटकोपरावरून जाणारा एक थवा उतरत्या विमानास धडकला. जवळजवळ चाळीस रोहित रस्त्यावर आणि इमारतींच्या मधल्या जागेंत मरून पडलेले आढळले.

त्याच वर्षाच्या जानेवारींत, १२ तारखेस, शिवडीच्या चिखलावरून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु सुरू झाला. तो बांधतांना शिवडीकडील भागांत पक्ष्यांसाठीं आवाज अडविणारे पडदे बसविण्यांत आले. १८४५ च्या माहीमच्या पुलावेळीं असा विचार कोणाच्या स्वप्नांतही आला नसता. त्या अर्थीं आपण पुढें आलों आहोंत, हें मान्य केलें पाहिजे. तथापि पुलाला पडदा लावणें सोपें, तळ्याची वाट मोकळी ठेवणें कठीण. कारण पुलाला मालक असतो, आणि तळ्याकडे पाहून अजूनही कोणाला तरी 'रिकामी जागा' दिसत असते. आपल्या वस्तीच्या शेजारीं असें एखादें उथळ पाणी असेल, तर त्यांत भरतीचें पाणी येतें कीं नाहीं, एवढें पाहत राहणें कोणाही गृहस्थास अशक्य नाहीं. भरणीचा ट्रक पहिल्या रात्रीं येतो, तेव्हांच तो दिसला पाहिजे. दहाव्या रात्रीं तो थांबवून उपयोग नसतो.

त्या मागच्या बाकावरील मुलीचें नांव मला आठवत नाहीं. आज ती चाळिशीच्या पुढें असेल. तिचीं मुलेंही शाळेंत जात असतील. कदाचित् भरणीच्या एखाद्या जमिनीवरच तिचें घर असेल. तिनें विचारलें होतें कीं, त्या जागेंत जें राहत होतें, तें कुठें गेलें? पुष्कळसें गेलें, आणि तें परत येणार नाहीं. जें उरलें, तें शिवडीच्या धक्क्यापासून ऐरोलीच्या तिवरांपर्यंत आहे, आणि भरतीच्या वेळीं त्याला अजून जागा पुरत नाहीं. तिनें एकदां आपल्या मुलांना घेऊन तेथें जावें, आणि गुरुजींचें उत्तर चुकलें होतें, असें त्यांना खुशाल सांगावें.